काढलेलं दूध

नवजात अतिदक्षता विभागात बाळ दाखल झालं की त्याच्या आईच्या हातात मी सर्वांत आधी उकळून घेतलेली स्टीलची वाटी देते. बाळ काचपेटीत असतं, नाकात नळी, हाताला सलाईन. आई दुसऱ्या मजल्यावर, टाक्यांमुळे कुशीवर वळणंही अवघड झालेली. बाळासाठी जे करायचं ते डॉक्टर करतील, आपण फक्त वाट पाहायची, असं तिला आणि घरच्यांनाही वाटत असतं. मी तिला सांगते, "अगं, या अख्ख्या दवाखान्यात एक काम असं आहे, जे फक्त तुलाच जमणार आहे. आजच सुरुवात करायची."

पुण्यातल्या एका रुग्णालयात मी परिचारिका म्हणून लागले आणि पुढे स्तनपान समुपदेशनाकडे वळले. नोकरीची बहुतेक वर्षं आयांना दूध काढायला शिकवण्यात, ते साठवण्यात आणि बाळाच्या पोटात सुरक्षितपणे पोहोचवण्यात गेली. ओळखीतलं कुणीही भेटलं की दोनच प्रश्न विचारतं: पंप कोणता घ्यावा आणि बाटली कोणती घ्यावी? दोन्हींची उत्तरं मी देते, या लेखातही देणार आहे. पण इतकी वर्षं बघून माझं ठाम मत झालं आहे की दूध किती येणार, हे पंपाच्या किमतीवर ठरत नाही. दिवसरात्रीत ते किती वेळा काढलं जातं आणि त्यासाठी घर आईला किती मोकळीक देतं, यावर ते ठरतं.

पहिले दोन-तीन दिवस चीक येतो. घट्ट, पिवळसर, थेंबाथेंबाने. वाटीच्या तळाशी जेमतेम ओल दिसते आणि आई रडवेली होते. "सिस्टर, एवढंसंच आलं. याने काय होणार?" मी ते थेंब सुईशिवायच्या एक मिलीलीटरच्या सिरिंजमध्ये ओढून घेते आणि तिच्या नवऱ्याच्या हातात देते. तो ती सिरिंज घेऊन जिना चढतो तेव्हा त्याची चालच बदललेली असते. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या आतड्यांना जीवघेणी सूज येण्याचा धोका असतो. आईच्या दुधावर वाढणाऱ्या बाळांमध्ये तो धोका कमी होतो आणि चिकात संरक्षक घटक सर्वांत दाट असतात. बाळाला दूध पचण्याची स्थिती नसली तरी चिकाचे दोन थेंब त्याच्या गालाच्या आतल्या बाजूला लावता येतात. म्हणून जमेल तर प्रसूतीनंतर पहिल्या तासात आणि फार तर सहा तासांच्या आत आईने हाताने चीक काढायला सुरुवात करावी, असा आमचा आग्रह असतो.

दुधाचा साधा नियम आहे: जितकं निघेल, तितकं तयार होईल. छाती भरलेली राहिली तर शरीर दूध तयार करण्याचा वेग कमी करतं, रिकामी होत राहिली तर वाढवतं. बाळ स्वतः ओढत असेल तर दिवसात आठ ते बारा वेळा पितं. काचपेटीतल्या बाळाच्या आईने तेवढ्याच वेळा, निदान आठ वेळा तरी, दूध काढायला हवं. त्यातली एक वेळ मध्यरात्रीनंतरची असावी, कारण दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचं प्रमाण रात्री जास्त असतं. घरची मोठी माणसं मायेपोटी म्हणतात, "झोपू दे तिला रात्रभर, सकाळी काढेल." मी त्यांना सांगते, तिला दुपारी झोपवा, संध्याकाळी झोपवा, पाहुण्यांना परत पाठवा, पण सुरुवातीच्या दोन आठवड्यांत रात्रीचं काढणं सोडू देऊ नका. याच दिवसांत पुढच्या सगळ्या महिन्यांच्या दुधाची बैठक बसते. दोन आठवड्यांच्या अखेरीला दिवसाला साधारण अर्धा लीटर दूध यायला लागलं की आम्ही निर्धास्त होतो.

हाताने दूध काढणं प्रत्येक आईला यायलाच हवं, पंप असला तरीही. हात साबणाने धुवायचे. छातीवर कोमट ओला कपडा ठेवायचा आणि बोटांनी हलकं गोलाकार चोळायचं. मग अंगठा वर आणि दोन बोटं खाली, स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाच्या कडेला ठेवायची. आधी बोटं मागे बरगड्यांच्या दिशेने दाबायची, मग एकमेकांकडे आणायची, मग सोडायची. पुन्हा दाब, पुन्हा सोड. बोटं कातडीवरून घसरू द्यायची नाहीत आणि स्तनाग्र ओढायचं नाही. त्यातून फक्त दुखणं पदरात पडतं. पहिलं मिनिटभर काही येत नाही, मग थेंब येतात, मग धार लागते. धार मंदावली की दुसरी बाजू घ्यायची आणि बोटांची जागा बदलत दोन्ही बाजू दोनदा फिरून यायच्या.

मराठवाड्यातून बांधकामाच्या कामावर आलेल्या एका आईचं बाळ आमच्याकडे सव्वा किलोचं होतं. पंप वगैरे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. एकदा दाखवलं, दुसऱ्यांदा तिने स्वतः केलं, तिसऱ्यांदा ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला शिकवत होती. तिची सासू दर तीन तासांनी वाटी उकळून तिच्यापुढे ठेवायची आणि पडद्यापाशी बसून राहायची, कुणाला आत येऊ द्यायची नाही. ते बाळ घरी जाईपर्यंत आईच्याच दुधावर वाढलं. उत्तम पंप म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मला ती सासू आठवते.

त्याच सुमारास एक संगणक अभियंता आई महागडा विजेचा पंप घेऊन आली. दूध येत नव्हतं आणि स्तनाग्रांना जखमा झाल्या होत्या. पंप उत्तमच होता. छातीला लावायचं नरसाळं मात्र तिच्या मापाचं नव्हतं. अनेक पंपांसोबत चोवीस मिलीमीटरचं नरसाळं येतं आणि ते सगळ्यांना बसेल असं धरून चाललं जातं. स्तनाग्र नळीत मोकळं पुढेमागे सरकायला हवं, कडेला घासता कामा नये आणि भोवतालचा काळसर भागही फारसा आत ओढला जाता कामा नये. तिला लहान माप लागत होतं. शिवाय जास्त ओढ म्हणजे जास्त दूध, या समजुतीने तिने पंप शेवटच्या आकड्यावर ठेवला होता. दुखलं की शरीर आखडतं आणि दूध सुटत नाही. दुखणार नाही अशी जी वरची पातळी, तीच तिच्यासाठी योग्य. सुरुवातीला हलकी आणि भरभर ओढ, दूध सुटलं की सावकाश आणि खोल ओढ. बहुतेक विजेच्या पंपांत ही सोय असते. नरसाळं बदललं, ओढ कमी केली, जखमा भरल्या आणि दूध वाढलं.

पंप विकत घेणाऱ्यांना मी एवढंच सांगते. ऑफिसला जाताना दिवसातून एक-दोनदा काढायचं असेल तर हाताने दाबायचा साधा पंपही पुरतो. बाळ दाखल असेल किंवा जुळी असतील तर दोन्ही बाजू एकाच वेळी काढणारा विजेचा पंप वेळ वाचवतो. रुग्णालयात मोठा पंप असेल तर आधी तो वापरून पाहा. औषधांच्या दुकानात अजूनही रबरी फुगा लावलेला काचेचा जुना पंप मिळतो. तो स्वस्त आहे, पण घेऊ नका. दूध त्या फुग्यात शिरतं, फुगा आतून कधीच स्वच्छ होत नाही आणि ओढही आवरता येत नाही. मैत्रिणीचा वापरलेला पंप घेण्याआधी दूध मोटरपर्यंत जाऊ शकतं का, ते पाहा. जात असेल तर तो पंप फक्त तिचाच.

पंप लावला म्हणून हातांना सुट्टी नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉ. जेन मॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आयांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या आयांनी पहिल्या तीन दिवसांत हाताने वरचेवर चीक काढला आणि पुढे पंप चालू असताना छाती हाताने दाबत राहिल्या, त्यांचं दूध लक्षणीय वाढलं होतं. आम्ही वॉर्डात तेच करून घेतो: पंधरा ते वीस मिनिटं पंप, त्यासोबत हात आणि शेवटी मिनिटभर फक्त हात. त्या शेवटच्या दुधात स्निग्धांश सर्वांत जास्त असतो आणि किलोभराच्या बाळाला वजनासाठी तोच हवा असतो.

दूध सुटायला ऑक्सिटोसिन लागतं. भीती, वेदना आणि घाई त्याला अडवतात. बाळाच्या अंगाचा स्पर्श, वास, आवाज त्याला मोकळं करतात. म्हणून बाळाची तब्येत स्थिर झाली की आईच्या उघड्या छातीवर बाळाला तासन्तास ठेवतो. त्या कांगारू पद्धतीनंतर काढलेलं दूध बहुतेक वेळा जास्त भरतं. बाळ दूर असेल तर त्याचं झबलं जवळ ठेवा, फोनमधला फोटो बघा. बहिणीला किंवा आईला पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठ्याने खालपर्यंत चोळायला सांगा. आणि भरत चाललेल्या बाटलीकडे टक लावून बसू नका. आम्ही काही आयांना बाटलीवर बाळाचा मोजा चढवायला सांगतो, म्हणजे मिलीलीटर मोजायचे सुटतात. एका खोलीत चार आया दूध काढत असतील तर एकीची बाटली पाहून दुसरीचं मन खचतं. अशी तुलना तर घरच्यांनी कधीच बोलून दाखवू नये. "हिचं दूध आटलं," हे वाक्य मी खाटेशेजारी उच्चारू देत नाही.

कधी याउलटही होतं. बाळाला लागतं त्यापेक्षा जास्त दूध येतं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. अशा पेढ्यांत दान केलेलं दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवून, तपासून, गोठवून ठेवतात आणि ज्या नाजूक बाळांच्या आयांना दूध अपुरं पडतं त्यांना देतात. शेजारणीने दिलेलं दूध परस्पर बाळाला पाजणं मात्र धोक्याचं आहे, कारण त्या दुधाची आणि ते देणाऱ्या बाईची काहीच तपासणी झालेली नसते.

काढलेलं दूध किती टिकतं, यावर घराघरांत वाद असतात. पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळासाठी धरायचं ते असं: २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस, उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये सहा महिने. एकाच दाराच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यावर दोन आठवड्यांपेक्षा जास्त विसंबू नये. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीचं तापमान कितीतरी वर जातं आणि वीजही जाते, म्हणून उन्हाळ्यात दूध काढलं की लगेच फ्रिजमध्ये. ते दारातल्या कप्प्यात न ठेवता आत मागे ठेवायचं. काचपेटीतल्या बाळासाठी हे नियम जास्त कडक असतात, तिथे रुग्णालय सांगेल तेच ऐकायचं. एका भांड्यात साठ मिलीलीटरच्या आसपास, वर तारीख आणि वेळ, गोठवताना वर थोडी जागा मोकळी. ताजं कोमट दूध थंड दुधात थेट ओतायचं नाही, आधी गार करायचं. वापरताना जुनं आधी. गोठलेलं दूध रात्री फ्रिजमध्ये उतरवून ठेवायचं, किंवा गरम पाण्याच्या भांड्यात बाटली धरायची. गॅसवर उकळायचं नाही. मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच. त्यात दूध एकसारखं तापत नाही आणि बाळाचं तोंड भाजतं. एकदा वितळलेलं दूध पुन्हा गोठवायचं नाही आणि बाळाने उष्टावलेलं दोन तासांनंतर ठेवायचं नाही. वर साय जमून खाली पाणी दिसलं की आज्या म्हणतात, "नासलं." नासलेलं नसतं. हलकेच फिरवलं की एकजीव होतं.

आता बाटलीकडे येते. माझी पहिली शिफारस बाटलीची नसतेच. काढलेलं दूध पाजायला वाटी-चमचा किंवा आपलं बोंडलं पुरेसं आहे. बाळ जागं हवं, मांडीवर जवळजवळ बसतं धरलेलं. वाटीची कड खालच्या ओठाला टेकवायची आणि दूध त्याच्या जिभेने ओढू द्यायचं. घशात ओतायचं नाही. वाटी उघडी असते, आतून दिसते, घासता येते आणि उकळता येते. बारशाला आलेलं चांदीचं बोंडलं वापरत असाल तर त्याची चोच प्रत्येक वेळी आतून घासा, दुधाचा थर तिथेच बसतो. अंगावर पिणं पक्कं बसलेलं नसताना बाटली दिली तर अनेक बाळांना बाटलीची सोपी धार आवडते आणि छातीशी आल्यावर ती चिडतात.

तरीही घरोघरी बाटली लागते, हे मी जाणते. पाळणाघरातल्या मावशी वाटीने पाजायला धजत नाहीत, काही आयांना दुसरा इलाजच नसतो. त्यांच्यासाठी माझी पहिली कसोटी अशी की बाटली आतून पूर्ण घासता आली पाहिजे. रुंद तोंड, सरळ आकार, कमीत कमी सुटे भाग. कोपरे, वळणं, आतल्या नळ्या जितक्या जास्त, तितक्या जंतूंना जागा जास्त. दुसरी कसोटी, कशाची बनली आहे. पॉलिकार्बोनेट हे कडक, काचेसारखं चकचकीत प्लास्टिक वर्षानुवर्षं बाटल्यांसाठी वापरलं जात होतं. त्यातून बिस्फेनॉल-ए हे रसायन दुधात उतरतं आणि ते शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतं. युरोपीय संघाने २०११ मध्ये आणि अमेरिकेने २०१२ मध्ये बाळांच्या बाटल्यांतून ते हद्दपार केलं, आपल्या भारतीय मानक ब्यूरोनेही २०१५ च्या मानकात त्याला मनाई केली. बाटलीच्या तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असेल तर ती पॉलिप्रॉपिलीनची. ७ असेल तर ते नेमकं कुठलं प्लास्टिक हे लिहिलेलं असल्याशिवाय घेऊ नका. आयएसआय चिन्ह नसलेली दूध पाजायची बाटली विकणं आपल्या देशात बेकायदा आहे. रस्त्यावरच्या आणि जत्रेतल्या बाटल्यांवर ते शोधून पाहा.

पॉलिप्रॉपिलीनही जपून वापरावं लागतं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की अशा बाटल्यांत गरम पाणी घालून पावडरचं दूध हलवलं की प्लास्टिकचे सूक्ष्म कण सुटतात, काही बाटल्यांत लीटरमागे एक कोटी साठ लाखांपर्यंत. तापमान वाढेल तसे कण वाढतात. म्हणून मी सांगते: घरात बाळ एकाच्याच हातून पीत असेल तर बोरोसिलिकेट काचेची किंवा स्टीलची बाटली घ्या. प्लास्टिकचीच असेल तर त्यात कढत काही ओतू नका. उकळून काढल्यावर ती गार होऊ द्या आणि उकळून थंड केलेल्या पाण्याने विसळा. ओरखडे पडले, रंग धुरकट झाला की टाकून द्या. निपल चिकट झालं, तडकलं, भोक मोठं झालं की त्याच दिवशी बदला. दूध लवकर संपावं म्हणून सुईने भोक वाढवणं म्हणजे बाळाला ठसका लावणं.

धुण्याची पद्धत न चुकता पाळा. पाजून झालं की लगेच सगळे भाग सुटे करून गार पाण्याने विसळायचे, मग साबण आणि फक्त बाटलीसाठी ठेवलेला ब्रश, मग पूर्ण बुडतील अशा पाण्यात दहा मिनिटं उकळी. फडक्याने पुसायचं नाही, झाकून निथळू द्यायचं. पंपाचे दूध लागणारे भागही असेच. पाजताना बाळ उभट धरा, बाटली आडवी धरा आणि मध्ये थांबत जा, म्हणजे पोट भरल्याचं त्याला सांगता येतं. उशीला टेकवून बाळाच्या तोंडात बाटली ठेवून आपल्या कामाला जाणं मात्र कधीच नको. त्याने दूध श्वासनलिकेत जातं, कानात संसर्ग होतो.

१९९२ च्या कायद्याने, २००३ च्या दुरुस्तीसह, आपल्या देशात बाळाच्या दुधाच्या पावडरची आणि बाटल्यांची जाहिरात करायला, आईला फुकट नमुने द्यायला बंदी आहे. तरीही घरी जाताना पिशवीत भेट मिळालेली बाटली मी आयांकडे पाहिली आहे. हा कायदा आईच्या बाजूचा आहे, तिने त्याचा आधार घ्यावा.

आई कामावर परतते तेव्हा खरी परीक्षा सुरू होते. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी रोज दोन वेळा सुट्टीची तरतूद १९६१ च्या कायद्यापासून आहे. प्रत्यक्षात माझ्याकडे येणाऱ्या आया स्वच्छतागृहात, कमोडच्या झाकणावर बसून दूध काढतात. जिथे आपण कुणी जेवणार नाही, तिथे बाळाचं जेवण तयार होतं. कडी असलेली एक छोटी खोली, एक खुर्ची, एक प्लग, हात धुवायला पाणी आणि जवळ एक फ्रिज, एवढ्यावर भागतं.

म्हणून ज्यांच्या घरी नवं बाळ आलं आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पंप आणि बाटली जरूर घ्या, पाहून घ्या. पण त्याआधी घरात ठरवा की रात्री दोन वाजता वाटी कोण उकळणार, पाहुण्यांना कोण थांबवणार, आईच्या हातात गरम जेवण कोण देणार. नवऱ्यांनो, बाटल्या धुण्याचं काम आजपासून तुमचं. साहेबांनो, आपल्या कार्यालयातली ती एक खोली या महिन्यात मोकळी करा. दिवसातून आठ वेळा वीस मिनिटं मिळाली, तर बहुतेक आयांना आपल्या बाळापुरतं दूध येतं.